बाबांना बॉस्टनला स्ट्रायपर गरवायला न्यायचंय: कुठली बोट, कधी, काय विचारून घ्यायचं?

श्रुती_वूस्टर

नमस्कार मंडळी. माझे बाबा येत्या जूनमध्ये पहिल्यांदा अमेरिकेत येतायत, ऑगस्टअखेरपर्यंत राहतील. वय ७१, तब्येत ठणठणीत. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर गरी टाकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. बँकेतून घरी आले की चहा घ्यायचे आणि पिशवी उचलून निघायचे. आई म्हणायची, यांना घरात शोधू नका, पुलाखाली बघा. आई गेल्यापासून ते खाडीवर जास्तच बसतात. त्यामुळे इथे तीन महिने त्यांना नुसतं मॉल आणि नायगारा दाखवून भागणार नाही, हे मला आत्ताच कळतंय.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की बॉस्टनजवळ कॅप्टनसकट बोट भाड्याने मिळते आणि किनाऱ्यालगतच स्ट्राइप्ड बास, म्हणजे स्ट्रायपर, नावाचा मोठा मासा लागतो. मी पाच-सहा जणांच्या साइट बघितल्या. सगळीकडे तेच फोटो, तेच शब्द, काही ठरवता येईना. आम्ही वूस्टरला राहतो. बॉस्टन हार्बर बरं की केप कॉड? जून की जुलै? बाबा व्हिजिटर आहेत, त्यांना परवाना लागेल का? मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला यायचंच आहे. नवऱ्याला बोट लागते. आणि पकडलेला मासा घरी आणता येतो ना? बाबांनी स्वतः पकडलेला मासा स्वतः साफ करून रांधावा, एवढीच माझी इच्छा आहे.

कर्लीकाठ

श्रुती, आधी थेट उत्तर देतो. जूनमध्येच जा, बॉस्टन हार्बरलाच जा, आणि पैसे भरण्याआधी कॅप्टनला फोन करून एक गोष्ट विचारा: दिवसभर रॉड कोणाच्या हातात असणार?

हे का, ते सांगतो. मी क्विन्सीला राहतो, मूळ देवबागचा. आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे सुट्टीच्या दिवशी त्यांची जागा ठरलेली. ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी किंमत बघून एक बोट ठरवली. त्या बोटीवर ट्रोलिंग चालायचं. म्हणजे दोन-तीन रॉड बोटीच्या कडेला खाचेत अडकवलेले, मागे आमिष सोडलेलं आणि बोट हळूहळू चालत राहते. मासा लागला की मदतनीस रॉड काढतो, तुमच्या हातात देतो आणि रीळ फिरवा म्हणतो. बाबांनी तीन मासे आत घेतले. फोटो छान आले. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मासे त्येनी धरल्यान. मी नुसता चाक फिरवलंय."

त्या कॅप्टनची काही चूक नव्हती. मासा दाखवायचं काम त्याने चोख केलं. ज्याने कधी गळ हातात धरला नाही त्याला ती बोट उत्तम. पण ५० वर्षं दोरीवर बोट ठेवून बसलेल्या माणसाला नुसतं चाक फिरवायला देणं म्हणजे भजन म्हणणाऱ्याला टाळ्या वाजवायला बसवण्यासारखं आहे. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

दोन वर्षांनी बाबा परत आले. या वेळी मी चार कॅप्टनना फोन केले आणि सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. एकजण म्हणाला, "माझ्या बोटीवर रॉड मी धरत नाही. मी बोट धरतो." त्यालाच घेतलं.

पहाटे पावणेपाचला धक्क्यावर. जूनमध्ये इथे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि उजाडण्याच्या आगेमागे हा मासा वर येऊन खातो, म्हणून ही वेळ सोडू नका. बाबांनी बोटीत पाय ठेवण्याआधी वाकून पाण्याला हात लावला, कपाळाला लावला. कॅप्टन काही न बोलता थांबला, मग हात पुढे करून त्यांना आत घेतलं.

पहिला अर्धा तास आमिष पकडण्यात गेला. एका दोरीला पिसांचे पाच-सहा बारीक गळ. खाली सोडायचे, जरा नाचवायचे. वर आले ते बांगडे! आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद, अंगावर वळणावळणाचे हिरवे-काळे पट्टे, जरा लांबट. बाबांनी एका फेरीत चार काढले. त्यांना वाटलं, हीच आजची मासेमारी. खूश होते. मग कॅप्टनने एक जिवंत बांगडा घेऊन त्याच्या नाकातून गळ घातला, तेव्हा बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बांगडो घालून मासो धरतत? आमी बांगडो घराक नेतो."

बोट डीअर आयलंडच्या जवळून गेली. तिथे अंड्याच्या आकाराच्या प्रचंड टाक्या दिसतात, सांडपाण्याच्या प्रकल्पाच्या. १९८० च्या दशकापर्यंत बॉस्टनचं धड न शुद्ध केलेलं सांडपाणी याच बंदरात पडायचं. आता ते शुद्ध करून २००० सालापासून साडेनऊ मैल लांबीच्या बोगद्यातून बाहेर खोल समुद्रात सोडतात. त्यामुळे आज शहराच्या इमारती समोर दिसत असताना तुम्ही चांगला खायचा मासा पकडू शकता. बाबांनी हे सगळं दोनदा विचारून घेतलं.

आता पाण्याचं. बॉस्टनला भरती-ओहोटीत साधारण साडेनऊ फुटांचा फरक असतो, आमच्या देवबागच्या उधाणापेक्षा जास्त. दोन बेटांच्या मधल्या अरुंद जागेतून सुकतीचं पाणी निघतं तेव्हा नदी वाहावी तसं वाहतं. स्ट्रायपर अशा ठिकाणी खडकाच्या आडोशाला, पाण्याच्या ओढीकडे तोंड करून उभा राहतो. लहान मासे ओढीबरोबर वाहत येतात, त्याला हलावंही लागत नाही. कॅप्टनने पाणी फिरायची वाट बघत बोट थांबवली. तो घड्याळ बघत होता आणि बाबा एका तरंगत्या पट्ट्याकडे बघत होते, शेवाळ आणि फेस यांची एक रेघ असते ना, तिच्याकडे. ती रेघ तुटायला लागल्यावर बाबांनी हाताने इशारा केला, आता. कॅप्टनने त्याच क्षणी इंजिन चालू केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

पहिला मासा गेला. कारण सांगतो, ते तुमच्या बाबांना आधीच समजावून ठेवा. इथे खरं आमिष लावलं तर सर्कल हुक वापरणं सक्तीचं आहे. या गळाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं असतं. आपल्या माणसाला दोरीला ओढ लागली की हिसका द्यायची सवय. सर्कल हुकला हिसका दिला की गळ तोंडातून तसाच सुटून येतो. इथे मासा आमिष घेऊन निघाला की त्याला जाऊ द्यायचं, मग शांतपणे दोरी ताणायची. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पोटात जात नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो. बाबांचा हात ५० वर्षांचा, हिसका बसलाच.

दुसऱ्या वेळी कॅप्टनने त्यांना रीळ मोकळी ठेवून दोरीवर नुसतं बोट टेकवायला सांगितलं. हे त्यांना सांगावं लागणारच नव्हतं. दोरी तर्जनीवर, डोळे मिटलेले. मी बाजूला बसलो होतो. खाली बांगडा पोहत असतो त्याची एक लय बोटाला कळते, टुक-टुक, टुक-टुक. अचानक बाबांनी डोळे उघडले. "बांगडो घाबारलो," म्हणाले. खरंच, मागे मोठा मासा आला की बांगडा सैरावैरा होतो आणि ते दोरीतून वर येतं. कॅप्टनचं लक्ष दुसरीकडे होतं. बाबा अजिबात हलले नाहीत. मग हळूच, शेजारी कोणी झोपलं असावं तशा आवाजात म्हणाले, "इलो." आणि दोरी पळायला लागली. त्यांच्या ओठांवरून कळत होतं की ते आकडे मोजतायत. एक, दोन, तीन, चार. मग ताण दिला.

दहा मिनिटं तरी लागली असतील. मासा बोटीजवळ आला तेव्हा पाण्यात रुपेरी अंगावरचे सात-आठ काळे पट्टे ओळीने दिसले, वहीवर पट्टी धरून आखलेले. कॅप्टनने पट्टीवर ठेवला. ३४ इंच.

आणि सोडून दिला.

इथे चूक माझी. नियम असा आहे: सध्या समुद्रात २८ इंच किंवा जास्त, पण ३१ पेक्षा कमी, एवढ्याच मापाचा मासा ठेवता येतो, आणि माणशी दिवसाला एकच. लहान सोडायचा हे बाबांना पटलं असतं. मोठा सोडायचा हे मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा हातात आणि समोरचा माणूस तो परत पाण्यात धरून बसलाय. "खांवचो मासो, सोडतंस कित्याक?" एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

कॅप्टनने त्यांना जवळ बोलावलं. माशाच्या शेपटीच्या मुळाशी त्यांचा हात ठेवला, दुसरा हात पोटाखाली. पाण्यात तोंड ओढीकडे करून मासा धरून ठेवायचा, कल्ल्यांतून पाणी खेळलं पाहिजे. थोड्या वेळाने शेपटीत जोर आला, बाबांच्या मनगटाला झटका बसला आणि मासा गेला. मग कॅप्टन बोलत गेला, मी मराठीत सांगत गेलो. हा मासा राहतो समुद्रात पण अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो, आपल्या पाला माशासारखा (हिलसा). इथे येणारे बरेचसे दक्षिणेकडे चेसापीक उपसागराच्या नद्यांत, हडसन नदीत जन्मलेले असतात. वसंतात उत्तरेकडे येतात, मेमध्ये बॉस्टनला पोचतात, थंडी पडायला लागली की परततात. मोठ्या माशांत माद्या जास्त, आणि मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. २०१५ साली चांगली पिढी जन्मली होती, तिला वाचवायला २०२३ मध्ये वरची मर्यादा ३५ वरून ३१ इंचांवर आणली.

बाबांनी एकच विचारलं, "मादी होती?" कॅप्टन म्हणाला, बहुधा. बाबांनी मान हलवली आणि पुढचा बांगडा स्वतःच्या हाताने गळाला लावला. तासाभराने २९ इंचांचा मिळाला, तो घरी आणला.

बाकी पटापट. परवाना: चार्टर बोटीचा स्वतःचा परवाना असतो, त्यात प्रवासी येतात, बाबांना वेगळा लागणार नाही. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचं लायसन्स आहे ना, हे जरूर विचारा. लहान बोटींवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. मुलगा १२ च्या आतला म्हणजे लाइफ जॅकेट घालूनच बसायचं, त्याच्या मापाचं आहे का ते आधी विचारून ठेवा. चार तासांचे आम्ही साडेसातशे डॉलर दिले, वर २० टक्के टिप. हे माणशी नाही, अख्ख्या बोटीचे. बोट लागणाऱ्याने गोळी आदल्या रात्री एक आणि पहाटे एक घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो. हार्बरच्या आत लाटा कमी असतात, म्हणूनही केपपेक्षा हार्बर म्हणतोय. शिवाय तुम्हाला वूस्टरहून पहाटे केपला पोचायचं तर रात्री दोनला निघावं लागेल.

जूनमध्येही पाण्यावर कडाक्याचं गार असतं, बाबांना स्वेटर, वर विंडचीटर आणि कानटोपी हवीच. आणि डब्यात केळी नेऊ नका. इकडचे बरेच कॅप्टन बोटीवर केळं अपशकुनी मानतात, मनापासून मानतात. आपण त्यांच्या तारवात बसतोय तर त्यांचं पाळावं.

जुलैच्या मध्यानंतर बंदराचं पाणी तापतं, मासा खोल जातो आणि सोडलेला मासा दगावण्याची भीती वाढते. जून सोडू नका.

माधव_अॅनापोलिस

कर्लीकाठ, वाचून फार बरं वाटलं. थोडी भर घालतो, कारण तुमच्याकडचा मासा आमच्या अंगणात जन्मतो.

मेरीलँडमध्ये याला रॉकफिश म्हणतात, तो आमचा राज्यमासा आहे. १९८० च्या दशकात इतका कमी झाला की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. पाच वर्षं! इथल्या जुन्या लोकांना ती आठवतात. त्यातून तो परत आला, १९९५ मध्ये सावरला म्हणून जाहीर झालं. आता पुन्हा घसरलाय. २०१९ पासून आमच्या नद्यांत लहान पिल्लं मोजतात तो आकडा वर्षामागून वर्षं फार खाली आहे. उबदार हिवाळे, कमी पावसाचे वसंत, पिल्लांना लागणारं थंड गोडं पाणी नाही. आमच्याकडे चेसापीक उपसागरात ठेवायचं माप १९ ते २४ इंच, आणि ऐन उकाड्यात काही काळ मासेमारीच बंद.

एका गोष्टीवर मात्र मी जोर देईन. सोडला म्हणजे जगला, असं नाही. सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात असं धरून सरकारी हिशोब केला जातो. तुमच्या बाबांना सकाळी सातलाच मापातला मासा मिळाला तर उरलेल्या वेळात मजेसाठी दहा-पंधरा मासे पकडून सोडण्यापेक्षा कॅप्टनला म्हणा, आता बेटं दाखव. माझं हे म्हणणं इथल्या मित्रांना आवडत नाही, तरी मी म्हणतो.

कर्लीकाठ

माधव, पटलं. आम्ही त्या दिवशी मासा मिळाल्यावर अजून तासभर थांबलो होतो. आता नाही थांबणार. बॉस्टन लाइट जवळून बघण्यासारखं आहे, १७१६ साली तिथे या देशातलं पहिलं दीपगृह उभं राहिलं. श्रुतीच्या मुलाला आवडेल.

मीनाक्षी_क

रांधायचं मी सांगते. कॅप्टन मासा कापून देतो तेव्हा फक्त दोन फाका देतो, डोकं, काटा देत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की डोकं आणि काटा आम्हाला हवाय. आमचा पहिला मासा असाच डोक्याविना घरी आला. सासूबाईंनी पिशवी दोनदा उलटी करून बघितली. एवढं मोठं डोकं, गालाची बोटभर मऊ वडी, कल्ल्याजवळचं मांस, सगळं तिथेच गेलं होतं.

मांस पांढरं, घट्ट, मोठ्या पाकळ्यांचं. जिताडा खाल्ला असेल तर त्याच्या जवळपास. कातडीच्या बाजूला मधोमध गडद लाल पट्टा असतो, तो सुरीने काढून टाका, त्याला उग्र वास असतो. तिरफळं घालू नका, ती बांगड्याला शोभतात, इथे मासा दबून जातो. तुकड्यांना हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास, मग लसूण-तिखट, रव्यात घोळवून मध्यम आचेवर. तुकडे जाड असतात, मोठ्या आचेवर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. डोक्याचं ओल्या खोबऱ्याच्या वाटणात कालवण, कोकम शेवटी.

आणि बांगडे उरले तर तेही मागून घ्या! कॅप्टन आनंदाने देतात.

श्रुती_वूस्टर

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. कर्लीकाठ, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. "बांगडो घाबारलो" ला ते म्हणाले, थांब, परत वाच. मग म्हणाले, आमच्याकडे कोळंबी लावली तरी तसंच कळतं, नखाला कळतं.

३१ इंचांचं त्यांना समजावून सांगितलं. लगेच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला आणि विचारलं, मापायची पट्टी आपली न्यायची की त्यांची असते?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख धरलीय, पहाटे सुकती सुरू होते असा दिवस बघून. कॅप्टनला रॉडचं विचारलं. तो म्हणाला, तुमच्या वडिलांच्या हातात. आता एकच शंका. बाबा घरून त्यांची स्वतःची दोरी आणतायत, लाकडी फळीला गुंडाळलेली. रॉडला हात लावणार नाही म्हणतात. कॅप्टनला कसं सांगू?

कर्लीकाठ

सरळ फोन करून सांगा, माझे वडील हातानेच दोरी धरतात. चालेल ना, हे त्याच्या तोंडून ऐकून घ्या. गळ तेवढा त्याचा सर्कल हुक लावायचा, बाबांच्या डब्यातला नाही. दोरी किती जाड आहे तेही कळवा, इथला दहा पौंडांचा मासा पहिल्या धावेत बरीच दोरी नेतो आणि बोटं कापतात. तर्जनीला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, हातमोजा नको. हातमोज्यातून बांगडा कळत नाही.